कोण खेळलं, कोण राहिलं

ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बर या गावी ११ एप्रिल २००१ रोजी विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा एक सामना झाला. ऑस्ट्रेलियाने अमेरिकन समोआला ३१-० असं हरवलं. आर्ची थॉम्पसन या एकट्या खेळाडूने १३ गोल केले. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला हा सर्वांत मोठा विजय, आणि एका सामन्यात एका खेळाडूने केलेल्या गोलांचा विक्रमही हाच. विक्रमांचं कुठलंही पुस्तक उघडा, ही ओळ त्यात असतेच. या पुस्तकाच्या पुढच्या पानांतही ती आहे.

ती ओळ वाचून पुढे जाण्याआधी त्या दिवशी मैदानावर कोण नव्हतं ते पाहावं. पासपोर्टच्या नियमामुळे अमेरिकन समोआच्या मूळ वीस जणांच्या चमूतला एकच खेळाडू पात्र ठरला, गोलकीपर निकी सालापू. वीस वर्षांखालच्या संघातली मुलं घ्यावीत, तर त्यांच्या शाळेच्या परीक्षा चालू होत्या. मग जी पोरं हाताशी होती ती घेऊन संघ उभा केला. त्यांतली काही तर पंधरा वर्षांची होती. सालापूने ३१ गोल खाल्ले हे खरं, आणि त्याच्यापुढे बचाव करायला जवळजवळ कोणीच नव्हतं हेही खरं. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, अमेरिकन समोआने टोंगाला २-१ असं हरवून विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला आपला पहिला सामना जिंकला. गोलमध्ये सालापूच उभा होता. विक्रमांच्या यादीत या दुसऱ्या सामन्याला जागा मिळत नाही. मला विचाराल तर ३१-० च्या शेजारी, त्याच ओळीत, हा २-१ छापायला हवा.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धांचा इतिहास आणि त्यांतले विक्रम डहाणू-तलासरीच्या मुलामुलींसमोर ठेवताना माझा आग्रह एवढाच आहे: आकडा वाचला की तो कुणाविरुद्ध झाला, कुठल्या परिस्थितीत झाला आणि त्या दिवशी कोण येऊ शकलं नाही, हे लगेच विचारावं. असं विचारत गेलं तर हा सगळा इतिहास आपल्या जवळचा वाटू लागतो, कारण येऊ न शकणं म्हणजे काय हे आपल्या तालुक्यांना कुणी शिकवायला नको.

पहिला विश्वचषक उरुग्वेत १९३० साली झाला तेव्हाही गोष्ट तिथूनच सुरू झाली. संघ आले फक्त तेरा, आणि युरोपातून चारच. बोटीने अटलांटिक ओलांडायचा, खेळायचं आणि परत यायचं म्हणजे दोन-दोन महिने कामधंद्याला मुकायचं. रोमानियाच्या खेळाडूंना नोकरीतून रजा मिळावी म्हणून खुद्द राजाला मध्ये पडावं लागलं. ज्यांच्यासाठी कुणी शब्द टाकला नाही ते घरी राहिले. उरुग्वेने तो चषक जिंकला आणि त्याचं मोल कुणी कमी करू नये. पण तेव्हाचा ‘विश्व’चषक म्हणजे ज्यांना सुट्टी मिळाली त्यांचा चषक होता, हेही लक्षात ठेवावं.

तिथपासून २०२२ पर्यंत बावीस विश्वचषक झाले. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ आणि १९४६ चे झालेच नाहीत. एवढ्या वर्षांत विजेते देश मात्र आठच: ब्राझील पाच वेळा, जर्मनी आणि इटली चार-चार वेळा, अर्जेंटिना तीन वेळा, उरुग्वे आणि फ्रान्स दोन-दोन वेळा, इंग्लंड आणि स्पेन एकेकदा. महिलांचा विश्वचषक १९९१ साली सुरू झाला. त्यात अमेरिका चार वेळा, जर्मनी दोनदा, आणि नॉर्वे, जपान व स्पेन एकेकदा जिंकले. २०२२ पर्यंतच्या पुरुषांच्या विश्वचषकांत सर्वाधिक गोल जर्मनीच्या मिरोस्लाव क्लोझेचे आहेत, १६. महिलांमध्ये ब्राझीलच्या मार्ताचे १७. मार्ताचा आकडा क्लोझेपेक्षा मोठा आहे, हे आपल्याकडच्या सामान्यज्ञानाच्या परीक्षांत फारसं विचारलं जात नाही. ते विचारलं जावं.

एका विश्वचषकात सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम फ्रान्सच्या जस्ट फॉन्तेनचा आहे. १९५८ साली स्वीडनमध्ये त्याने सहा सामन्यांत १३ गोल केले. अजून कुणी त्याच्या जवळ फिरकलेलं नाही. तो संघात खेळला तो दुसरा खेळाडू दुखापतीने बाहेर पडला म्हणून; आणि त्याचे स्वतःचे बूट फाटले तेव्हा त्याने सोबत्याचे बूट मागून घेतले. ते तेरा गोल मागून आणलेल्या बुटांनी झाले. एक बूटजोडी तिघांत फिरवून तालुक्याच्या स्पर्धेला उतरणाऱ्या मुलांनी हे नाव पाठ करून ठेवायला हरकत नाही.

आता आपलं प्रकरण. भारत आणि विश्वचषक म्हटलं की ‘अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून आपण १९५० च्या विश्वचषकाला गेलो नाही’ ही गोष्ट निघतेच. ती इतकी सांगितली गेली आहे की खरीच वाटते. घडलं ते असं: पात्रता फेरीत आपल्या गटातल्या ब्रह्मदेश, फिलिपिन्स वगैरे संघांनी माघार घेतली आणि भारत न खेळताच ब्राझीलच्या स्पर्धेत पोहोचला. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपलं नाव लागलं. ब्राझीलने प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायची तयारी दाखवली होती. तरीही आपल्या फुटबॉल महासंघाने नकार कळवला. संघनिवडीवरून मतभेद, सरावाला वेळ नाही, अशी कारणं दिली गेली. त्या काळी आपल्याकडे ऑलिम्पिकपुढे विश्वचषकाची फारशी मातब्बरीही नव्हती. आपला गट तीन संघांतच खेळला गेला. त्या स्पर्धेचा शेवटचा सामना, उरुग्वे २ ब्राझील १, रिओच्या माराकाना मैदानावर पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांनी तिकीट काढून पाहिला. विक्रमांच्या पुस्तकात त्या स्पर्धेपुढे आपली नोंद काय, तर ‘माघार’.

अनवाणी खेळण्याची गोष्ट खरी आहे, पण ती १९४८ ची. लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू अनवाणी किंवा पायाला पट्ट्या बांधून उतरले, दोन पेनल्टी हुकल्या, आणि फ्रान्सकडून आपण २-१ असे हरलो. नंतर १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं हरवलं आणि त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. हा क्रम उलटापालटा करून १९५० वर चिकटवला, की नकार देणाऱ्यांची जबाबदारी खेळाडूंच्या उघड्या पायांवर जाते. म्हणून मला ती दंतकथा खटकते. गरिबीचं कौतुक करता करता ती निर्णय घेणाऱ्यांना मोकळं सोडते.

मेलबर्न १९५६ वर मात्र मनसोक्त रेंगाळावं असं मला वाटतं, कारण तिथे महाराष्ट्राचा आणि गोव्याचा माणूस उभा आहे. नेव्हिल डिसोझा मूळचा बार्देशातल्या आसगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. नेव्हिलचा सगळा खेळ मुंबईत घडला. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने नवव्या, तेहतिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. चौथा गोल किट्टूचा. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल पुन्हा नेव्हिलचाच. काही क्षण भारत ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याच्या वाटेवर होता. मग युगोस्लाव्हियाने चार गोल केले. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला ३-० असं हरवलं आणि आपण चौथे आलो. स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांत, चार गोलांसह, नेव्हिल संयुक्तपणे पहिला.

इथेही तोच प्रश्न विचारायचा: कोण आलं नव्हतं? भारताचा पहिला सामना हंगेरीशी होता. त्याच शरद ऋतूत बुडापेस्टमध्ये उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे रस्त्यांवर आले आणि हंगेरीचा फुटबॉल संघ मेलबर्नला पोहोचलाच नाही. आपल्याला पुढे चाल मिळाली. बऱ्याच माघारींनंतर स्पर्धेत अकराच संघ उरले होते. यामुळे आपला चौथा क्रमांक खोटा ठरत नाही, कारण ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात चार गोल मारणं हे कुणाच्या माघारीने होत नसतं. पण दोन्ही गोष्टी एकत्र माहीत असल्या पाहिजेत. नुसत्या अभिमानाला आणि नुसत्या कुत्सितपणाला अर्धी माहिती पुरते.

भारताच्या त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. मुंबईकरांना त्यांचं काम आधीपासून ठाऊक होतं. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला होता. रोव्हर्स १८९१ साली सुरू झाला. सुरुवातीची कित्येक वर्षं तो गोऱ्या पलटणींचाच खेळ होता. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत गेला, पण डरहॅमच्या पलटणीकडून हरला. बंगळूरच्या मुस्लिम्स संघाने १९३७ साली चषक जिंकला, तो पहिला भारतीय विजय. पुढे कूपरेजच्या मैदानावर टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, महिंद्र अशा कंपन्यांचे आणि गिरण्यांचे संघ खेळले. खेळाडूला नोकरी आणि नोकरीबरोबर सरावाला वेळ, ही त्या काळची पद्धत होती आणि ती फार शहाणपणाची होती. गिरण्या बंद पडल्या, कंपन्यांनी संघ मोडले आणि एकविसावं शतक उजाडता उजाडता रोव्हर्सही थांबला. मुंबईच्या फुटबॉलचं दुखणं क्रिकेटच्या माथी मारण्याची सवय आहे. मला वाटतं, नोकऱ्या गेल्या हे त्याचं मोठं कारण. आजही डहाणू रोडहून लोकल पकडून चर्चगेटला उतरलं की कूपरेज चालत गाठता येतं. शाळेच्या सहलीत गेटवेबरोबर तेही दाखवावं.

रहीम यांच्याच संघाने १९६२ मध्ये जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकलं. पहिलं सुवर्ण १९५१ मध्ये दिल्लीत, मेवालालच्या एकमेव गोलावर इराणला हरवून मिळालं होतं. जकार्तात इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेशच नाकारला गेला होता. त्यावर भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी बोलले आणि सगळं शहर आपल्या संघावर उलटलं. अंतिम सामन्यात प्रेक्षक भारताची हुर्यो उडवत होते. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले. डोक्याने चेंडू अडवणं अवघड म्हणून रहीम यांनी त्याला आघाडीला खेळवला. गोलकीपर थंगराज आजारातून उठून आला होता. प्रदीपकुमार बॅनर्जींचा एक आणि जर्नेलसिंगचा एक, दक्षिण कोरियावर २-१. रहीम स्वतः त्या वेळी कर्करोगाशी झुंजत होते. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धांत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही.

त्यानंतरचं मी भरभर सांगतो. १९६४ च्या आशिया चषकात आपण उपविजेते. आपल्या पात्रता गटातल्या बाकीच्यांनी माघार घेतली होती आणि मुख्य स्पर्धेत संघ चारच होते. १९७० मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत कांस्य. मग लांबलचक ओहोटी. सुनील छेत्रीच्या नावावर देशासाठी नव्वदहून अधिक गोल आहेत, जगातल्या मोजक्या खेळाडूंच्या पंगतीत त्याचं पान आहे. त्याचे गोल बांगलादेश-मालदीवविरुद्ध झालेत असं कुणी म्हणालं, तर २००८ मध्ये दिल्लीत ताजिकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यातली त्याची हॅटट्रिक सांगावी. तिच्यामुळे सत्तावीस वर्षांनी भारत आशिया चषकाच्या मैदानावर दिसला.

खुद्द विश्वचषक महाराष्ट्रात आला तो २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालच्या मुलांचा. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळवण्याचा सरकारी कार्यक्रम झाला, चेंडू वाटले गेले. नवी मुंबईत सामने झाले. माली विरुद्ध स्पेन हा उपांत्य सामनाही तिथेच. भारताच्या चमूत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि अमेरिकेत न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडेही. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जिक्सनसिंगने डोक्याने मारलेला गोल हा फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल. सामना आपण २-१ असा हरलो. कोल्हापूरचं मात्र वेगळं सांगायला हवं: तिथे तालमींचे संघ पिढ्यान् पिढ्या फुटबॉल खेळतात, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार एकमेकांना भिडतात, आणि पेठापेठांत त्यावरून वर्षभर वाद रंगतात. त्या शहराने संघटना आधी उभी केली. खेळाडू तिच्यातून आले. आपल्याकडे नेमकी तीच उणीव आहे.

मुलींचं २०२२ हे वर्ष दुखरं आहे. जानेवारीत महिलांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होता. इराणशी ०-० बरोबरी झाली, आणि पुढच्या सामन्याआधी संघात कोरोना शिरला. तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात. नियमाप्रमाणे भारताने माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणविरुद्धची बरोबरीसुद्धा रद्द झाली. स्वतःच्या घरची स्पर्धा, आणि अधिकृत तक्त्यात आपल्या नावापुढे काहीच नाही. अंतिम सामन्यात चीनने ०-२ अशा पिछाडीवरून दक्षिण कोरियाला ३-२ असं हरवलं. तो सामना पुन्हा पाहावा इतका चांगला आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला. आपली कर्णधार होती अष्टम उराँव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-०. तीन सामने, सोळा गोल खाल्ले, एकही मारला नाही. हे आकडे लपवण्याचं कारण नाही. पण समोरच्या मुली किती वर्षं, कुठल्या मैदानावर, कुणाच्या हाताखाली खेळून आल्या होत्या, हेही त्याच तक्त्यात यायला हवं. तलासरीच्या एखाद्या मुलीने या पुस्तकातलं त्या स्पर्धेचं पान उघडलं तर तिला आधी ८-० दिसू नये, अष्टमचं नाव दिसावं, अशी माझी इच्छा आहे. म्हणून तिच्या छायाचित्राची जागा त्या पानावर वर ठेवावी असं मी सुचवलं आणि ते मान्य झालं.

आपल्याकडे मैदान म्हटलं की आधी क्रिकेट. भात कापून खाचरं सुकली की पाड्यापाड्यावर टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात आणि मे महिन्यापर्यंत चालतात. फुटबॉल हा इथे पावसातला आणि किनाऱ्यावरचा खेळ. आश्रमशाळेच्या पटांगणात चिखल झाला, स्टंप रोवता येईनात, की फुटबॉल बाहेर निघतो. नरपड ते बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब जातं, ओली वाळू पायाखाली घट्ट होते. सुरूच्या काटक्या रोवून गोल उभे राहतात. चेंडू बहुतेक जुना, वरची कातडी सोललेली. असा चेंडू पाणी पितो आणि जड होतो. तो उंच मारता येत नाही, जमिनीलगत सरकवत द्यावा लागतो. त्यामुळे ही पोरं कुणी न शिकवता जवळचे पास द्यायला शिकतात, दोन स्पर्शांत चेंडू सोडतात. मोठ्या अकादमीत हेच पैसे मोजून शिकवतात.

आणि मग दिवाळी होते. कुणाचे आईबाप वीटभट्टीवर निघतात, पोरं बरोबर जातात. थोडा मोठा असेल तो सौराष्ट्रातल्या बोटींवर खलाशी म्हणून. ऐन स्पर्धांच्या दिवसांत शाळेचा संघ अकरावरून सातावर येतो. मास्तर इकडून-तिकडून चार भरती करतात आणि तालुक्याला ५-० असं हरून येतात. ‘पोरांत दमच नाही’ असं पाहुणे म्हणतात. त्या ५-० च्या मागे काय होतं ते कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून या पुस्तकाच्या शेवटी काही पानं कोरी ठेवली आहेत. शाळेच्या, पाड्याच्या, तालुक्याच्या सामन्यांची नोंद तिथे करावी. तारीख, मैदान, दोन्ही संघ, गोल कुणी आणि कितव्या मिनिटाला. खेळाडूचं नाव पूर्ण लिहावं, गाव-पाड्यासकट. ‘सात नंबर’ एवढ्याने भागवू नये. मुलींच्या सामन्यांना वेगळं, मागचं पान नाही; त्याच पानावर, त्याच क्रमाने. उजवीकडे एक जादा रकाना आखला आहे, गैरहजर खेळाडू आणि कारण. तिथे ‘घरगुती अडचण’ असं लिहून मोकळं होऊ नये. भट्टी असेल तर भट्टी लिहावी, कुठल्या गावची तेही, आणि पोर परत कधी येणार ते विचारून पेन्सिलीने बाजूला टिपून ठेवावं.